सांगलीचा द्रवीकरण-नकाशा करताना मे महिन्याचं पाणी धरू नका

माझं काम माती तपासणीचं. सांगली, मिरज, कुपवाड भागात बोअर घ्यायचे, नमुने लॅबला आणायचे, पायाचा रिपोर्ट द्यायचा. अलीकडे सिव्हिलची मुलं येऊन विचारतात, "मॅडम, शहराचा लिक्विफॅक्शनचा डिजिटल नकाशा करायचाय, सुरुवात कुठून करू?" हे त्यांच्यासाठी लिहितेय.

पाण्याने भरलेली सैल, बारीक वाळू भूकंपात हलली की कण दाटायला बघतात. मधल्या पाण्याला निघायला सवड मिळत नाही, त्याचा दाब चढतो आणि माती भार पेलायचं सोडते. हेच द्रवीकरण, म्हणजे लिक्विफॅक्शन. १९६४ साली जपानमधल्या निगाता शहरात अख्ख्या इमारती न मोडता कलंडल्या, त्या यामुळेच. २००१ च्या भुज भूकंपात कच्छच्या रणात आणि कांडला बंदरात हेच झालं.

पहिली गोष्ट म्हणजे आपली काळी माती यात येत नाही. ती चिकण आहे, तिचा प्लास्टिसिटी इंडेक्स, म्हणजे चिकटपणा दाखवणारा आकडा, २० च्या बराच वर असतो. ती फुगते, आकसते, भिंतींना तडे देते, पण वाहत नाही. त्यामुळे शामरावनगरात पाणी साचतं म्हणून तो भाग लाल रंगवला तर नकाशा पहिल्याच दिवशी खोटा ठरेल. शोधायची ती कृष्णाकाठच्या मळीखाली, म्हणजे गाळाच्या जमिनीखाली दडलेली बारीक वाळू, जुने बुजलेले ओढे आणि वीटभट्टीसाठी माती काढून नंतर भरलेले खड्डे. यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने १:५०,००० चे टोपोशीट (नकाशे) आणि गूगल अर्थवरची जुनी चित्रं क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवा. क्यूजीआयएस फुकट आहे. नदीचं जुनं वळण, काठ, भराव यांच्या हद्दी हाताने आखा. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तो भाग सावकाश बघा. दोन नद्यांचा गाळ तिथे एकत्र येतो.

मग बोअर लॉग, म्हणजे कुठल्या खोलीवर काय लागलं याच्या नोंदी, गोळा करा. शहरात बांधलेल्या प्रत्येक मोठ्या इमारतीचा माती रिपोर्ट कुणाच्या तरी कपाटात पडून आहे. बिल्डर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुलाचे ठेकेदार यांच्याकडे मागा. एसपीटी म्हणजे हातोड्याने नळी जमिनीत ठोकायची चाचणी; ठरावीक खोली शिरायला लागलेले घाव म्हणजे एन-व्हॅल्यू. हे आकडे बघताना दोन गोष्टी विचारा. ६३.५ किलोचा हातोडा दोरी-कप्पीने उचलला होता की ऑटोमॅटिक? आणि वाळूत बोअर घेताना भोकातलं पाणी भूजलाच्या वर राखलं होतं का? नसेल तर तळाची वाळू उसळून सैल होते आणि एन-व्हॅल्यू उगाच कमी येते. विंधन विहिरीच्या नोंदींवरून खडक किती खोल एवढं कळेल, बाकी त्यांचा उपयोग नाही.

आता शीर्षकातली गोष्ट. बहुतेक बोअर उन्हाळ्यात होतात, कारण पावसाळ्यात मशीन शेतात जात नाही. लॉगवर पाण्याची पातळी लिहिलेली असते ती त्या दिवसाची, आणि मुलं तीच थेट गणितात घालतात.

उदाहरण घ्या. ५ मीटरवर स्वच्छ बारीक वाळू आहे, दुरुस्त केलेला एन १० आहे, मातीचं वजन घनमीटरला १८.५ किलोन्यूटन. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीतला तिसऱ्या झोनचा ०.१६ हा हादऱ्याचा आकडा (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) धरा, भूकंप ६.५ चा. मेमध्ये पाणी ४.५ मीटरवर असेल तर हादऱ्याचा ताण, म्हणजे सीएसआर, ०.१०६ येतो. ऑगस्टमध्ये पाणी १ मीटरवर आलं की तोच ०.१७४ होतो. वाळूची ताकद दोन्ही वेळी ०.१६३. सुरक्षा गुणांक, म्हणजे ताकद भागिले ताण, मेमध्ये १.५४, ऑगस्टमध्ये ०.९४. तो १ च्या खाली गेला की धोका. एकच भोक, एकच वाळू, पण नकाशावर एकदा हिरवी आणि एकदा लाल.

एक बारकावा सांभाळा. एन-व्हॅल्यूची दुरुस्ती बोअरच्या दिवसाच्या पाण्यावर करायची, ताणाचा हिशेब मात्र पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पाण्यावर. दोन्हीकडे एकच पातळी घातली तर उत्तर चुकतं.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण कोयना. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप जुन्या माणसांना आठवतो. तिथली भूकंपांची हालचाल पावसाळ्यात धरण भरल्यानंतर, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या सुमाराला वाढते, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसलंय. म्हणजे आपल्या जमिनीत पाणी वर असतं तेव्हाच तिकडे हालचाल वाढण्याचा काळ असतो. कोयना इथून शंभरेक किलोमीटर दूर आहे, तिथल्या ६.५ ने सांगलीत ०.१६ इतका हादरा बसेलच असं नाही. तो आकडा कोडचा आहे, पण डिझाइन त्यावरच करावं लागतं. पाटणकडे काम असेल तर चौथ्या झोनचा ०.२४ घ्या.

प्रत्येक बोअरचा २० मीटरपर्यंतचा एलपीआय, म्हणजे त्या जागेच्या एकूण द्रवीकरण-धोक्याचा आकडा, काढा. गुणांक १ पेक्षा जितका कमी, त्याला १० मधून खोलीचा निम्मा आकडा वजा करून जे उरेल त्याने गुणायचं आणि खोलीभर बेरीज करायची. ५ च्या आत धोका कमी, ५ ते १५ जास्त, १५ च्या वर अति जास्त. हे बिंदू क्यूजीआयएसमध्ये टाकल्यावर लगेच इंटरपोलेशनचं, म्हणजे दोन बिंदूंमधली जागा अंदाजाने भरायचं, बटण दाबू नका. ते गावभागातला आकडा नदी ओलांडून सांगलीवाडीपर्यंत ताणतं. आधी आखलेल्या हद्दींच्या आतच रंग भरा, आणि जिथे बोअरच नाही तिथे रंग न देता नुसत्या तिरप्या रेघा मारा. त्या रेघा बघून लोक नाराज होतात. होऊ द्या.

मेचा आणि ऑगस्टचा असे दोन वेगळे थर ठेवा, बोअरचे बिंदू वरून दिसू द्या. पुढच्या पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली पाणी इशारा पातळीला, ४० फुटांना, पोचलं की काठापासून विश्रामबागेपर्यंतच्या उघड्या विहिरींत टेप सोडून पाणी मोजा आणि तारखेसह तिसरा थर करा.