सिंथचा आवाज जतन करताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या स्टुडिओत येणारे बहुतेक नवे संगीत संयोजक एकच चूक करतात: सिंथमध्ये (सिंथेसायझर, म्हणजे संगणकावर आवाज घडवणारे वाद्य) प्रीसेट, म्हणजे आवाजाची मांडणी, सेव्ह केला की ऐकू येणारा संपूर्ण आवाज जतन झाला, असे ते धरून चालतात. त्या प्रीसेटमध्ये फक्त सिंथच्या आतली ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप वगैरे आवाज घडवणाऱ्या भागांची मांडणी असते; मिक्सरच्या चॅनेलवर लावलेले इक्यू (जाड-बारीक सुरांचा समतोल), डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) हे इफेक्ट त्यात येत नाहीत.

मागच्या लग्नसराईत मिरजेच्या एका तरुणाने हळदीच्या गाण्यासाठी सनईसारखा सुरेख आवाज घडवला होता आणि फक्त प्रीसेटची फाइल पेनड्राइव्हवर आणली होती. आमच्याकडे ती उघडली तेव्हा आवाज बारीक आणि कोरडा निघाला, कारण त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, घरच्या डिले-रिव्हर्बमधून येत होती; शिवाय अनेक सिंथ सॅम्पल (रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा तुकडा) स्वतःत साठवत नाहीत, फक्त त्या फाइलचा संगणकावरचा पत्ता ठेवतात, त्यामुळे सनईच्या फुंकीचा सॅम्पलही घरच्या डेस्कटॉपवरच राहिला होता. गायिका माइकपुढे ताटकळली आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवसावर गेले.

एबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये मी सिंथ आणि इफेक्ट एकत्र निवडून त्यांचा रॅक, म्हणजे एकत्र संच, करतो आणि तो रॅकच सेव्ह करतो. लॉजिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘पॅच’ नावाचा संच करतो, तर एफएल स्टुडिओ या तिसऱ्यात सिंथचा प्रीसेट आणि मिक्सर ट्रॅकची स्थिती वेगवेगळी सेव्ह करावी लागते. सॅम्पल आधी कायमच्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि मगच सिंथमध्ये घ्यावा. नंतर हलवला तर दुवा तुटतो.

बदललेला आवाज सेव्ह न करता पुढच्या प्रीसेटचा बाण दाबणे ही दुसरी चूक, आणि पुष्कळ सिंथ त्या वेळी काहीही विचारत नाहीत. म्हणून पहिली नॉब फिरवण्याआधीच मी नव्या नावाने सेव्ह करतो. हा अर्ध्या मिनिटाचा वेळ ज्यांना जड वाटतो, त्यांनी मेहनतीचा आवाज घडवायला बसूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ फॅक्टरी प्रीसेटवर कधीही सेव्ह करू नये. ‘न्यू २’, ‘फायनल ३’ ही नावे निरुपयोगी आहेत. ‘सनई, करकरीत, हळद’ असे लिहिले तर वर्षभरानेही आवाज सापडतो. समोरच्या संगणकावर तोच सिंथ नसेल तर रॅकही उघडून वाजत नाही, त्यामुळे गाण्यात वापरलेला प्रत्येक महत्त्वाचा आवाज मी वेव्ह (साधी ऑडिओ) फाइल म्हणूनही काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो.