6174 पर्यंत किती पायऱ्या?

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. कॉलेजात संगणकाचा विषय नव्हता. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले मोबाइलवर, तेही कापरेकरांच्या नादाने. देवळालीच्या या शाळामास्तरांनी 1949 मध्ये शोधलेला 6174 चा खेळ आमच्या नाशिकरोडला कोणीतरी कधीतरी सांगतंच.

खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच; प्रत्येक वजाबाकी म्हणजे एक पायरी. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, म्हणजे 3087. मग 8352. मग 6174. पुढे 7641 वजा 1467 केलं की परत 6174च.

हाताने दहा-बारा संख्या होतात, मग कंटाळा येतो. म्हणून प्रोग्राम: संख्येचा मजकूर करायचा, 'सॉर्टेड'ने अंक लावायचे, उलटे करायचे, वजाबाकी. 6174 येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायला 'व्हाइल'. जेमतेम दहा ओळी.

1000 पासून सुरू केलं आणि स्क्रीन गप्प. चहा झाला, तरी गप्पच. शेवटी प्रत्येक उत्तर 'प्रिंट' करून पाहिलं: 999, 0, 0, 0... कागदावर आपण 0999 लिहितो, पुढचं शून्य सांभाळतो. संगणकाला ते शून्य फुकटचं वाटतं, तो टाकून देतो. मजकूर केल्यावर 'झेडफिल'ने चार घरं भरा, की 1000 पाचव्या पायरीला 6174 वर येते. अडकलात तर आधी 'प्रिंट' लावा, डोकं नंतर. 1111, 2222 अशा नऊ संख्या मात्र सुरुवातीलाच वगळा, त्यांचं शून्य खरं असतं.

आता खरी गंमत. प्रत्येक संख्येच्या पायऱ्या मोजून डिक्शनरीत, म्हणजे पायथॉनच्या नोंदवहीत, टाका. मला वाटलं होतं गर्दी मधोमध असेल. तीन पायऱ्यांच्या 2124 निघाल्या, चारच्या 1124 च, आणि सातच्या पुन्हा 1980! सातच्या पुढे एकही नाही.

तीन अंकांना हाच प्रोग्राम 495 वर थांबवावा लागतो. पाच अंकांना थांबायची जागाच नाही: 53955 वरून 59994, तिथून परत 53955. म्हणून आलेलं प्रत्येक उत्तर 'सेट' नावाच्या यादीवजा पेटीत ठेवा आणि जुनं उत्तर पुन्हा दिसलं की 'ब्रेक' लिहून फेरी थांबवा. नाहीतर पुन्हा चहा.