अत्याचार सोसलेल्यांना मसाज देताना या चुका टाळा

‘ताई, अंग सैल सोडा.’ मसाज करणाऱ्याच्या तोंडात बसलेलं हे वाक्य आधी बंद करा. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईला तो हुकूम वाटू शकतो. त्यापेक्षा थांबून विचारा, ‘इथे दाब कमी करू, की हात काढून घेऊ?’

सगळ्यात महागात पडते ती गप्प बसण्याला होकार समजण्याची चूक. घाबरलेलं माणूस दरवेळी ओरडतं किंवा झटापट करतं असं नाही, कित्येकदा ते जागीच थिजतं. श्वास वरच्या वर, बोटं गार, नजर एका जागी, विचारलं तर उशिरा नुसतं ‘हं’. अनुभवी हातही इथे फसतो आणि ‘छान रिलॅक्स झाल्या’ म्हणून पुढे जातो. सुरुवातीला फॉर्मवर घेतलेली सही अशा वेळी काही कामाची नाही.

मग करायचं काय? हात झटकन उचलू नका. ‘मी हात काढतेय’ असं सांगून काढा. डोळे उघडायला, उठून बसायला, पाय जमिनीला टेकवायला सुचवा. खोलीत काय काय दिसतंय ते बोलायला लावा. ‘काय आठवलं?’ हे मात्र विचारू नका. ती आपणहून बोलली तर ऐका, खोदू नका. समुपदेशन आपलं काम नव्हे.

सवयीने पालथं झोपवणं, दाराला कडी लावणं, न विचारता मानेला किंवा गळ्याजवळ हात लावणं, हेही टाळा. पहिल्या वेळी कपड्यांसकट, खुर्चीत बसवून, तळपायांना काशाची वाटी पुरे. वाटी मध्ये असल्याने थेट हाताचा स्पर्श कमी होतो आणि समोर काय चाललंय ते तिला दिसतं. पूर्ण बॉडी मसाजचे पैसे घेतलेत म्हणून तो उरकायचाच, हा हट्ट कशाला? (पुरुषही अत्याचार सोसतात, त्यांनाही हे सगळं लागू.)

शेवटची चूक टेबलापासून लांब घडते. ‘उद्या ४ वाजता मसाज’ असा मेसेज आपण बेधडक पाठवतो, आणि तो फोन नवऱ्याच्या हातात असतो. मेसेज, फोन, पावती यांतलं काय चालेल ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. महिला हेल्पलाइन १८१ आणि टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ हे क्रमांक भिंतीवर लावा. चिठ्ठीवर लिहून देणार असाल, तर ती घरी नेणं सुरक्षित आहे का, ते आधी विचारा.