कस्टम्स ब्रोकरचं लायसन्स: परीक्षेच्या आधीचे आणि नंतरचे कागद

या लाइनीत येऊ पाहणारी मुलं मला बहुतेक दोनच गोष्टी विचारतात. परीक्षा किती अवघड असते, आणि लायसन्स मिळाल्यावर पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाईकं, कुठून आणायच्या. लायसन्स टिकवायचं कसं, हे क्वचितच कुणी विचारतं. मी मदतनिसाच्या एच कार्डापासून सुरुवात केली, मग सहीचा अधिकार देणारं जी कार्ड काढलं, मग लायसन्स. आता माझं स्पष्ट मत आहे की परीक्षा हा यातला सोपा भाग. आपल्या पार्टीची फाइल वर्षानुवर्षं नीट ठेवणं हे खरं काम आहे, आणि लायसन्स जातं तेही बहुधा तिथेच.

आधी पाया. कस्टम्स अ‍ॅक्ट, १९६२ च्या कलम १४६ प्रमाणे दुसऱ्याच्या मालाचं कस्टम्समधलं काम एजंट म्हणून करायचं तर लायसन्स हवं. आयातदार स्वतःचा माल स्वतः सोडवत असेल तर त्याला ते लागत नाही. लायसन्स कसं मिळतं, कसं जातं आणि मधल्या काळात तुमच्याकडून काय अपेक्षा आहे, हे सगळं 'कस्टम्स ब्रोकर्स लायसन्सिंग रेग्युलेशन्स, २०१८' मध्ये आहे. आम्ही त्याला सीबीएलआर म्हणतो. छोटं आहे, एका बैठकीत वाचून होतं. तरी वर्षानुवर्षं धंद्यात असलेल्या कित्येकांनी ते सलग वाचलेलं नसतं. तुम्ही वाचा, आणि वाचताना रेग्युलेशन १० पासून सुरुवात करा. ब्रोकरची कर्तव्यं तिथे आहेत.

कार्डांबद्दल नवख्यांचा गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात. ब्रोकरच्या माणसांना तीन प्रकारची ओळखपत्रं मिळतात. एच कार्डाला बारावी पास पुरते, पण त्यावर सही करायचा अधिकार नाही. तुम्ही फक्त मदतनीस. जी कार्डासाठी कस्टम्स खात्याची परीक्षा द्यावी लागते आणि मग ब्रोकरच्या वतीने कागदांवर सही करता येते. एफ कार्ड मिळतं ते मुख्य परीक्षा, म्हणजे रेग्युलेशन ६ ची परीक्षा, पास झालेल्याला.

मुख्य परीक्षेला बसायला भारताचं नागरिकत्व आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवीच. त्याशिवाय सीए, एमबीए, एलएलबी यांसारखी व्यावसायिक पदवी, किंवा सरकारमान्य संस्थेचा कस्टम्स क्लिअरन्सचा डिप्लोमा, किंवा जी कार्डावर किमान दोन वर्षांचा अनुभव, यातलं काहीतरी लागतं. निवृत्त अधिकाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे, ती इथे सोडून देतो. म्हणजे बी.कॉम. झालेला, घरची फर्म नसलेला मुलगाही जी कार्डाच्या वाटेने लायसन्सपर्यंत पोचू शकतो. उलट एलएलबी झालेल्याला एकही कंटेनर न बघता परीक्षेला बसता येतं. नियमात ते चालतं. मला विचाराल तर अशांनीही वर्षभर एखाद्या फर्ममध्ये खालच्या कामाला राहावं. डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायचं शिपिंग कंपनीचं पत्र) आणणं, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) माल उघडून दाखवणं, तपासणी अधिकाऱ्यासमोर पॅकिंग लिस्टशी पेट्या जुळवणं ही कामं कुठल्या पुस्तकात शिकता येत नाहीत. एच कार्डावर असताना एक सवय मात्र जरूर लावून घ्या. बिल ऑफ एंट्री (आयातीचं कस्टम्सला द्यायचं घोषणापत्र, आम्ही त्याला नुसतं 'बिल' म्हणतो) फाइल होण्याआधी त्याची जी चेकलिस्ट, म्हणजे कच्चा मसुदा, निघते ती रोज वाचायची. इन्व्हॉइसवर काय लिहिलंय, चेकलिस्टमध्ये काय आलंय, आणि फरक असेल तर का. फर्ममधले सीनिअर सुरुवातीला वैतागतील, पण मागितली तर देतात.

आता परीक्षा. ती 'नासिन', म्हणजे कस्टम्स, अप्रत्यक्ष कर आणि अमली पदार्थांविषयीची राष्ट्रीय अकादमी, घेते. लेखी परीक्षा संगणकावर असते. १५० बहुपर्यायी प्रश्न, वेळ अडीच तास, इंग्रजी आणि हिंदीत. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्याला उणे १. एकूण ४५० पैकी २७० हवेत. हा हिशेब आधीच डोक्यात पक्का असू द्या. एकही चूक न करता ९० उत्तरं बरोबर आली तरी पास. १०० बरोबर आणि ३० चूक, तरीही बरोबर २७०. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने हाती शून्य येतं. पण एक पर्याय नक्की चूक आहे असं कळत असेल तर उरलेल्या तिनांतून अंदाज करणं फायद्याचं ठरतं. 'निगेटिव्ह आहे म्हणून कोरं सोडलं' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या काहींचे गुण त्या कोऱ्या प्रश्नांतच राहिलेले असतात.

अभ्यासाला मूळ कायदा घ्या. गाइडं बाजारात भरपूर आहेत, पण कस्टम्सचा कायदा दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर थोडाफार बदलतो आणि गाइड छापून झालेलं असतं. गाइड जुनं आहे का, हे ओळखायची माझी एक युक्ती आहे. मूल्यांकनाचं उदाहरण काढायचं. मालाची एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतची) किंमत १,००० डॉलर आणि भाडं, विमा कळत नसेल, तर भाडं एफओबीच्या २० टक्के म्हणजे २०० आणि विमा १.१२५ टक्के म्हणजे ११.२५ धरायचा, करपात्र मूल्य १,२११.२५ डॉलर. गाइडमध्ये यावर आणखी १ टक्का लँडिंग चार्जेस (माल उतरवण्याचा खर्च) चढवलेले दिसले तर ते २०१७ च्या आधीचं आहे. खुशाल रद्दीत द्या.

माझ्या मते तीन विषयांना सगळ्यात जास्त वेळ द्यावा. एक, मूल्यांकन: कलम १४ आणि २००७ चे मूल्यांकन नियम. दोन, वर्गीकरण: टॅरिफचे, म्हणजे मालाचे कोड आणि ड्युटीचे दर असलेल्या यादीचे, सहा इंटरप्रिटेशन रूल्स, आणि त्याहून महत्त्वाच्या सेक्शन आणि चॅप्टरच्या टिपा. आंतरराष्ट्रीय कोड सहा अंकी असतो, आपल्याकडे आठ अंकी, आणि सगळी भांडणं त्या अंकांवरूनच होतात. तीन, स्वतः सीबीएलआर, कारण ते छोटं असल्यामुळे त्यातले गुण सोडण्यात काही अर्थ नाही. ड्रॉबॅक (निर्यातीवर मिळणारा ड्युटीचा परतावा), बॉन्डेड वेअरहाउस (ड्युटी भरायच्या आधी माल ठेवायचं गोदाम), अपील, जप्ती आणि दंडाची कलमं, फेमा (परकीय चलनाचा कायदा), औषधं, स्फोटकं, बौद्धिक संपदा असे संबंधित कायदे, हे सगळंही अभ्यासक्रमात आहे. ते वाचायचंच, पण त्यात बुडून जायचं नाही.

तोंडी परीक्षा १०० गुणांची, पास व्हायला ६० लागतात. समोर अधिकारी असतात आणि प्रश्न बहुधा कामातले येतात. आयातदार म्हणाला की हा माल दुसऱ्या कोडखाली टाका, ड्युटी कमी बसते, तर तुम्ही काय कराल? 'नकार देईन' एवढं उत्तर अपुरं आहे. रेग्युलेशन १० (डी) सांगतं की ब्रोकरने आधी पार्टीला कायद्याप्रमाणे वागायचा सल्ला द्यायचा, आणि ती ऐकत नसेल तर डेप्युटी किंवा असिस्टंट कमिशनरच्या कानावर घालायचं. हा दुसरा भाग तोंडीच्या टेबलावर जितका सहज बोलता येतो तितका ऑफिसात बसून अमलात आणता येत नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

पास झाल्यावर पैशांचे कागद येतात, आणि इथे पाच लाख दोनदा येतात. पहिले पाच लाख आर्थिक क्षमतेचे: तुमच्याकडे निदान तेवढी मालमत्ता आहे असा शेड्युल्ड बँकेचा दाखला किंवा कमिशनरला मान्य होईल असा दुसरा पुरावा. हे पैसे कुठे भरायचे नसतात. दुसरे पाच लाख सुरक्षा ठेवीचे: बँक गॅरंटी, फिक्स्ड डिपॉझिट, पोस्टाचं प्रमाणपत्र अशा रूपात, आणि सोबत बॉन्ड (हमीपत्र). हे खरोखर अडकतात. अनेक जण दोन्ही एकच समजून एकच तयारी करतात आणि मग बँकेत धावाधाव होते. बँकेच्या शाखेला कमिशनरच्या नावे ठेव करण्याची सवय नसेल तर मजकुराचा नमुना आपणच सोबत न्यावा.

पूर्वी लायसन्सचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण लागायचं. जुलै २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते कायमचं झालं. पण त्याच दुरुस्तीत अट आली की सलग वर्षभराहून जास्त काळ काम नसेल तर लायसन्स अवैध ठरू शकतं. लायसन्स आहे पण पार्टी नाही अशा नव्या माणसाला ही अट बोचते, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी येऊन सांगतो: 'तुमच्या लायसन्सवर आम्ही बिलं भरतो, तुम्हाला महिन्याला ठरावीक रक्कम देतो, तुम्ही काही करायची गरज नाही.' ऐकायला फार गोड लागतं. लायसन्स विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही, आणि काम स्वतः किंवा मंजूर कर्मचाऱ्यामार्फतच करायचं, असं नियम स्वच्छ सांगतो. भाड्याने दिलेल्या लायसन्सवर काय आलं आणि काय गेलं हे तुम्हाला माहीत नसतं, नोटीस मात्र तुमच्या पत्त्यावर येते. कुणी कितीही जवळचा असला तरी नाही म्हणा.

आता माझा आवडता विषय, केवायसी. रेग्युलेशन १० (एन) प्रमाणे पार्टीचा आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), जीएसटी नंबर, तिची ओळख आणि दिलेल्या पत्त्यावर ती खरोखर चालते का, हे विश्वासार्ह आणि स्वतंत्र कागदांवरून तपासणं ब्रोकरचं काम आहे. अडचण कुठे येते, तर बरंचसं काम फॉरवर्डरमार्फत, म्हणजे मालवाहतूक जुळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत, येतं. कागद मेलवर येतात, पैसे फॉरवर्डर देतो, आणि आयातदाराचा आवाजही आपण ऐकलेला नसतो. काही गडबड निघाली की तपास यंत्रणा पहिला प्रश्न विचारते: या पार्टीने तुम्हाला ऑथोरायझेशन दिलं होतं का? फॉरवर्डरने दिलेलं पत्र तिथे उपयोगाचं नसतं. ते पार्टीचंच हवं.

म्हणून नवी पार्टी आली की मी पहिल्या बिलाच्या आधी ऑथोरायझेशन पत्र, पॅन, आयईसी, जीएसटी नोंदणी, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) मागतो. आयईसी डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर आणि जीएसटी त्याच्या पोर्टलवर स्वतः पाहून, तारखेसह प्रिंट काढून फाइलला लावतो. मग फॉरवर्डरला मध्ये न घेता मालकाला थेट फोन. जागेवर जाऊन बघा असं नियमात लिहिलेलं नाही, पण महागडा किंवा शंकास्पद माल असेल तर मी माणूस पाठवतो. 'दुसरा ब्रोकर एवढं काही मागत नाही' असं म्हणून काही पार्ट्या निघून जातात. जाऊ द्यावं. रेकॉर्ड निदान पाच वर्षं ठेवायचं असतं, आणि विचारणा कधी कधी माल विकून संपल्यावर खूप उशिरा येते.

कोर्टकचेरीचाही थोडा अंदाज असावा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात ब्रोकर हा व्यवहाराचा खरेखोटेपणा तपासणारा इन्स्पेक्टर नाही, असं म्हटलं. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ब्रोकरवर आयातदार आणि सरकार दोघांचा विश्वास असतो, त्यामुळे त्याची जबाबदारी मोठी आहे, यावर भर दिला होता. वकील पहिला निकाल वाचून दाखवतात, खातं दुसरा. फाइलमध्ये कागद असतील तर पहिला कामाला येतो.

कारवाईचं वेळापत्रक असं: ऑफेन्स रिपोर्ट (गैरप्रकाराचा अहवाल) मिळाल्यापासून ९० दिवसांत नोटीस, नोटिशीपासून ९० दिवसांत चौकशी अहवाल, अहवालानंतर ९० दिवसांत आदेश. लायसन्स तातडीने निलंबित केलं तर १५ दिवसांत सुनावणीची संधी मिळते. दंड ५०,००० रुपयांपर्यंत. दंड परवडतो, निलंबन परवडत नाही. त्या काळात पार्ट्या दुसरीकडे जातात आणि परत येत नाहीत.

रोजच्या कामात कागदाचं वजन आणखी वाढलंय. ऑक्टोबर २०२० अखेरीपासून फेसलेस असेसमेंट देशभर लागू आहे. न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचं बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघतो. पूर्वी कॅटलॉग घेऊन टेबलापाशी जाऊन समजावता यायचं, आता ई-संचितवर (कागद ऑनलाइन चढवायच्या कस्टम्सच्या प्रणालीवर) जे चढवलं तेवढंच तुमच्या बाजूने बोलतं. इन्व्हॉइसवर नुसतं 'मशिनरी पार्ट्स' लिहिलेलं असेल तर क्वेरी येणार, हे धरूनच चाला. मटेरियल काय, कशात बसतो, कशासाठी वापरतात, हे आधीच मागवून घ्या. वेळही थोडाच मिळतो: साधारणपणे माल पोचण्याच्या आदल्या दिवसअखेर बिल भरलेलं हवं, नाहीतर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंब शुल्क लागू शकतं. व्यापार करारातली सवलत घ्यायची असेल तर सप्टेंबर २०२० पासूनचे कॅरोटार नियम (माल मूळ कुठल्या देशाचा हे सिद्ध करण्याचे नियम) वाचा. नुसतं ओरिजिन सर्टिफिकेट जोडून भागत नाही. माल तिथे कसा बनला याची माहितीही आयातदाराजवळ असावी लागते. ती आहे का, हे बिल भरायच्या आधी विचारून घ्या, आणि उत्तर लेखी घ्या.

सुरुवात करणाऱ्याने दोन ठिकाणी लक्ष ठेवावं. मुख्य परीक्षेची जाहिरात नासिनच्या साइटवर येते. जी कार्डाची परीक्षा आणि एच कार्डाची कार्यपद्धती आपापल्या कमिशनरेटच्या पब्लिक नोटिशीत निघते. या नोटिशी कमिशनरेटच्या साइटवर रोज सकाळी बघायच्या, कारण त्या कुणी घरी आणून देत नाही.