वयात येणाऱ्या मुलाचे मूड सांभाळायचे कसे

रात्री मस्त जोक सांगत जेवलेला मुलगा सकाळी "माझे सॉक्स कुठेत?" म्हणून अख्खं घर डोक्यावर घेतो, आपण विचारलं काय झालं रे, तर "काही नाही" आणि दार धाडकन. असं रोज व्हायला लागलं की आपण त्याला उद्धट ठरवून मोकळे होतो. मीही तेच केलं.

पहिलं काम म्हणजे आत काय चाललंय ते समजून घेणं. मुलांचं वयात येणं ९ ते १४ या वयात कधीही सुरू होतं, टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढतं, पण सगळं हार्मोन्सवर ढकलू नका. मेंदूतला भावना उसळवणारा भाग या वयात जोरात असतो आणि विचार करून स्वतःला आवरणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे तो मुद्दाम करतोय असं दरवेळी नसतं.

दुसरं, झोप आणि भूक आधी बघा. या वयात झोप येण्याची वेळच तास-दोन तास पुढे सरकते, त्यामुळे दहाला आडवा केला तरी डोळे टक्क उघडे, आणि गरज मात्र ८ ते १० तासांची, मग सकाळी तो अर्धवट झोपेतच असतो आणि आपण नेमका तेव्हाच मार्कांचा विषय काढतो! पोटात काही जाईपर्यंत मार्क, केस, पसारा यातलं काहीही काढायचं नाही. रात्री फोन खोलीच्या बाहेर चार्जिंगला, सगळ्यांचे, आपलाही. फक्त त्याचाच काढून घेतलात तर रोज रात्री नवीन भांडण. सुट्टीला थोडं जास्त झोपू दे, पण दुपारपर्यंत नको, नाहीतर पुढच्या सकाळी परत बोंब.

आता प्रत्यक्ष भडका उडाला की काय करायचं? कमी बोलायचं. "तू चिडलायस, आपण नंतर बोलू" एवढंच, आणि तिथून निघायचं. दारापर्यंत मागे जायचं नाही, दाराबाहेरून लेक्चर तर अजिबात नाही. चिडणं चालेल, पण शिव्या, हात उचलणं, वस्तू फोडणं चालणार नाही, हा नियम मात्र तो शांत असताना सांगून ठेवा. आणि आपला आवाज चढला असेल तर नंतर सरळ सॉरी म्हणा, पुढे "पण तू सुद्धा..." जोडू नका.

मग बोलायचं कधी? समोर बसवून तर नकोच. मी एकदा सोफ्यावर बसवून "बोल, काय प्रॉब्लेम आहे" केलं, पठ्ठ्या वीस मिनिटं फरशी बघत बसला. पुढे एकदा सायकलची चेन पडली होती, दोघंही हात काळे करून बसलो होतो, तेव्हा खाली मान घालूनच म्हणाला, "बाबा, छातीत एका बाजूला गाठ लागतेय, कॅन्सर असेल का?" दोन आठवड्यांची चिडचिड त्या गाठीची होती! वयात येताना साधारण निम्म्या मुलांना निप्पलखाली अशी दुखरी गाठ येते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. आम्ही तरी डॉक्टरांना दाखवून घेतलं, त्याच रात्री तो पोटभर जेवला.

म्हणून ही माहिती आधीच द्या. आवाज फाटणं, पिंपल्स, नको तिथे ताठरता येणं, झोपेत वीर्य जाणं, सगळं नॉर्मल आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा. (त्या शेवटच्याला आपल्याकडे 'स्वप्नदोष' म्हणतात, त्यात दोष कसला ते मला आजवर कळलं नाही, पोरं त्या शब्दानेच घाबरतात.) स्वतःला जमत नसेल तर त्याच्या लाडक्या काका-मामाला सांगा. आणि पाहुण्यांसमोर मिसरुडावरून, आवाजावरून चेष्टा नको, आपण विसरतो, तो विसरत नाही.

खेळ, पोहणं, सायकल, जे आवडेल ते रोज असू दे, स्पर्धा नसली तरी चालेल.

पण सगळंच 'वय आहे' म्हणून सोडू नका. दोन आठवडे रोज उदास किंवा चिडलेला, मित्र आणि खेळ सोडलेत, खाणं-झोप पार बिघडलंय, नशेचा संशय आहे, तर डॉक्टर किंवा काउन्सेलरकडे न्या. अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बरीच मुलं तेव्हाच बोलतात. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर थोडा वेळ त्याला एकट्याला आत बोलू द्या, आपण बाहेर बसायचं.