काट नेमकी कशाला मारायची?

कोपरखैरण्यात आमच्या शेजारची नववीतली मुलगी संध्याकाळी गणिताची वही घेऊन माझ्याकडे येते. चांगली हुशार आहे, पण अपूर्णांकात अक्षर दिसलं की वर-खाली काट मारून मोकळी. (क्ष + ३)/(क्ष + ५) चं तिने थेट ३/५ केलं. "काकू, दोन्हीकडे क्ष आहे ना?"

मी म्हटलं, क्ष च्या जागी २ घाल. आले ५/७. मग ३/५ कसे बरोबर? ती वहीकडे बघतच राहिली.

म्हणून थोडं मागे गेलो. १/२ + १/३ चं उत्तर तिने २/५ काढलं. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी! छेद सांगतो पूर्णाचे किती समान भाग केले, अंश सांगतो त्यातले किती घेतले. भागच लहानमोठे असतील तर बेरीज कशी होणार? दोन्हींचे सहावे भाग केले: ३/६ + २/६ = ५/६. हे पटलं आणि चेहरा खुलला.

मग एकच सवय लावली. रेघेच्या वर आणि खाली आधी कंस घालायचा, अवयव पाडायचे, म्हणजे गुणाकाराच्या रूपात लिहायचं, आणि काट फक्त वर-खाली दोन्हीकडे असलेल्या अख्ख्या अवयवाला. (क्ष² − ९)/(क्ष + ३) मध्ये अंश होतो (क्ष + ३)(क्ष − ३), उरतं क्ष − ३. क्ष = −३ चालत नाही, कारण छेद शून्य होतो; ही अट मी दरवेळी लिहून घेते.

आता ती स्वतःच संख्या घालून उत्तर पडताळते. फक्त तपासायला शून्य घेऊ नका. अगदी पहिल्या उदाहरणात क्ष = ० घातलं तर ३/५ च येतं आणि चूक लपून राहते.