हिवाळ्यासाठी नव्या पुस्तकांची यादी कशी करावी

दिवाळी अंकांचा गठ्ठा हातावेगळा होत आला, की वाचनालयात आणि पुस्तक भिशीत एकच विचारणा सुरू होते, की आता नवीन काय वाचायचे. ही विचारणा साधारण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते, आणि यादी करणाऱ्याने ती वेळ ओळखून काम करावे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचा हिवाळा अंकांनीच सुरू होतो; नोव्हेंबरात दिलेली पुस्तकांची यादी त्यामुळे बहुधा फ्रिजवर चिकटून राहते. नोव्हेंबरचा उपयोग टिपणे काढण्यासाठी करावा. अंकांत ज्यांची कथा, कविता किंवा कादंबरीचा अंश आवडला, त्या लेखकांची नावे एका कागदावर उतरवून त्यांचे नवे पुस्तक आले आहे का, एवढे पाहिले तरी निम्मी यादी तयार होते.

यादीचा काळ डिसेंबरच्या मध्यापासून २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत धरावा. दहा-बारा जणांच्या भिशीसाठी आठ पुस्तके पुरेशी होतात. त्यांतील सहा आधी ठरवावीत आणि दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवाव्यात, कारण याच काळात नवी पुस्तके सर्वाधिक संख्येने समोर येतात. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरू लागला आहे, साहित्य अकादमीचे पुरस्कार बहुधा डिसेंबरात जाहीर होतात आणि अखिल भारतीय साहित्य संमेलनही सहसा जानेवारी-फेब्रुवारीत येते. प्रकाशक आपली पुस्तके या मुहूर्तांवर काढतात. आधीच भरलेल्या यादीत त्यांना जागा राहत नाही.

'नवे' म्हणजे काय, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. पुस्तक हातात आल्यावर मुखपृष्ठ पाहण्याआधी आतल्या पानावरची आवृत्तीची नोंद पाहावी. तिथे 'प्रथमावृत्ती' आणि तिचे साल असते. त्याखाली 'पुनर्मुद्रण' किंवा 'तिसरी आवृत्ती' असे असेल, तर चकचकीत मुखपृष्ठाच्या आत वीस वर्षांपूर्वीचा मजकूर असण्याची शक्यता असते. जुने पुस्तक वाचू नये असे मुळीच नाही, मात्र नव्याच्या नावाखाली ते देऊ नये. अनुवाद असेल तर त्याच पानावर अनुवादकाचे नाव, मूळ पुस्तकाचे साल आणि अनुवाद मूळ भाषेतून केला आहे की इंग्रजीमार्गे, हेही शोधावे. अनुवादकाचे नाव बारीक टाइपात कोपऱ्यात दडवलेले पुस्तक मी तरी दोनदा विचार करूनच यादीत घेतो.

पुरस्कारांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पुरस्कारप्राप्त पुस्तक त्याच वर्षीचे असते, असा अनेकांचा समज असतो. साहित्य अकादमीने २०२४ च्या मुख्य पुरस्कारासाठी २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेली पुस्तके विचारात घेतली होती. म्हणजे पुरस्कारांच्या यादीवर विसंबणारा वाचक ताज्या लेखनापेक्षा दोन-चार वर्षे मागेच असतो. तरीही ती चाळणी उपयोगाची आहे आणि पस्तिशीच्या आतील लेखकांसाठीचा युवा पुरस्कार तर अधिकच, कारण त्या निमित्ताने वाचनालयाच्या खरेदीत एरवी न येणारी नावे येतात. तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा अनेक वाचकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले. तयार कपड्यांच्या बाजाराने शिंप्याच्या हातचे काम कसे काढून घेतले, याची ही लहानशी कादंबरी स्वतः शिवणकाम केलेल्या माणसाने लिहिली आहे.

आता मिश्रणाकडे वळू. कादंबरी, कथा, कविता, चरित्र असे प्रकार मोजून प्रत्येकाचा एक नमुना घेणे ही सोपी पद्धत असली, तरी तिने यादी वैविध्यपूर्ण होतेच असे नाही. वेगवेगळ्या प्रकारांतील पाच पुस्तके एकाच संथ, उदास चालीची असू शकतात आणि मग जानेवारीच्या मध्यावर सारा गट थकतो. म्हणून प्रकारापेक्षा वाचनाची चाल पाहावी. एखादे पुस्तक सलग तीन रात्री मागते, एखादे लोकलच्या प्रवासात तुकड्यातुकड्यांनी वाचता येते, एखादे मोठ्याने वाचल्याशिवाय उलगडत नाही. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्ये धरणामुळे उठलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस परत आणायला एक माणूस निघतो. या कादंबरीची बोली कानात बसायला पहिली काही पाने जावी लागतात, तेव्हा ती सुट्टीच्या आठवड्यात ठेवावी. तिच्या मागोमाग 'उसवण' दिली तर विषयांत अंतर असूनही दोन्हींत हातचे सुटत जाण्याचेच दुःख आहे. मध्ये किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' हा कथासंग्रह घालावा, कारण कथा सुट्या वाचता येतात आणि ज्याचे पुस्तक मागे पडले आहे तोही चर्चेला येऊ शकतो.

ललितेतर पुस्तकासाठी एक जागा राखावी. सबा नक्वी यांच्या इंग्रजी पुस्तकाचा प्रमोद मुजुमदार यांनी केलेला 'सलोख्याचे प्रदेश' हा अनुवाद मला या जागी योग्य वाटतो, कारण देशभरातील सामायिक श्रद्धास्थानांचा तो प्रवास आहे आणि अनुवादाची जागाही त्यानेच भरते. शेजारच्या भाषेसाठी बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'चा विचार करावा. दीपा भास्ती यांनी कन्नडमधून इंग्रजीत आणलेल्या या बारा कथांना २०२५ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले; बेळगाव-सोलापूरकडच्या ज्या वाचकांना कन्नड वाचता येते, त्यांनी मूळ कथाच शोधाव्यात.

कवितेविषयी लोक घाबरतात, म्हणून तिची शिफारस वेगळ्या रीतीने करावी. विशाखा विश्वनाथ यांचा 'स्वतःला स्वतःविरुद्ध उभं करताना' हा संग्रह संपूर्ण वाचून या, असे न सांगता प्रत्येक बैठकीत एका सभासदाने एक कविता वाचून दाखवावी, एवढेच ठरवावे. समीक्षेला मात्र सर्वांसाठीच्या यादीत स्थान देऊ नये, असे माझे मत आहे. सुधीर रसाळ यांचे 'विंदांचे गद्यरूप' हे २०२४ च्या अकादमी पुरस्काराचे पुस्तक विंदांचे गद्य वाचलेल्याला द्यावे, इतरांना आधी मूळ लेखन द्यावे.

घरातील मुलांसाठी वेगळी यादी न करता याच यादीत एक पुस्तक घालावे. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' मोठ्यांनीही वाचावी. नाताळची सुट्टी छोटी असते आणि जानेवारीत स्नेहसंमेलनांची धावपळ, तेव्हा ती डिसेंबरातच हातात पडलेली बरी. दहावी-बारावीच्या मुलांना फेब्रुवारीत काही सुचवू नये.

निवड झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, सारी पुस्तके पुण्या-मुंबईच्या त्याच दोन-तीन प्रकाशकांची तर नाहीत ना, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, गोवा यांपैकी कोणता प्रदेश पुरता गळाला आहे. वर घेतलेल्या नावांत खोत आणि गुरव दोघेही कोल्हापूरकडचे आहेत आणि विदर्भ कुठेच नाही. रिकाम्या दोन जागांपैकी एक तिथे जावी. दुसरी गोष्ट शरीराची आहे. सातशे पानांचे, पाठीला केवळ डिंक लावलेले पुस्तक पांघरुणात एका हाताने उघडे राहत नाही, जोर दिला तर मधूनच उकलते, आणि बारीक टाइप ज्येष्ठ सभासदांना संध्याकाळच्या दिव्याखाली सोसत नाही. दुकानात उभ्यानेच मधले एखादे पान उघडून हातभर अंतरावरून वाचून पाहावे. त्यातच भाषेचाही अंदाज येतो, जो मलपृष्ठावरच्या मजकुरातून कधीच येत नाही.

शेवटी शिफारशीचे वाक्य लिहावे. 'अप्रतिम, जरूर वाचा' या शब्दांनी कोणालाही काही कळत नाही. पुस्तक कशाविषयी आहे, किती वेळ मागते आणि कोणाला ते आवडणार नाही, हे एका ओळीत यावे. 'रिंगाण'साठी मी असे लिहीन: 'विस्थापित गाव, एक माणूस आणि एक म्हैस, बोलीची सवय होईपर्यंत धीर धरावा, घटनांची घाई असणाऱ्यांनी आधी कथासंग्रह घ्यावा.' अशा ओळीसह यादी सभासदांना पाठवली, की खरेदी वाटून घेता येते: प्रत्येकाने एकेक प्रत आणून दर पंधरवड्याला फिरवावी. मकर संक्रांतीपर्यंत जे पुस्तक कोणाच्याही हाताला लागले नसेल, ते विनासंकोच काढून त्या जागी महोत्सवातून आणलेले एखादे घालावे आणि काढलेल्या पुस्तकाचे नाव कारणासह वहीत लिहून ठेवावे, कारण पुढच्या नोव्हेंबरात यादी करणारी व्यक्ती बहुधा दुसरीच असते.